थर्मास तोंड बघून घ्यावा

माझे वडील एसटीत कंडक्टर होते. सातारा–मुंबई रातराणीवर त्यांची ड्यूटी असली की आई संध्याकाळी चहा टाकायची, काचेच्या थर्मासच्या तोंडावर गाळणं धरायची आणि शेवटचा थेंब पडेपर्यंत कोणाशी बोलायची नाही. अण्णा पहाटे मुंबईला पोचले की तोच चहा ड्रायव्हरबरोबर वाटून प्यायचे. त्या थर्मासला हात लावायची आम्हा मुलांना परवानगी नव्हती.

माझ्या स्वतःच्या हातात थर्मास आला तो फार उशिरा, आणि आला तो दवाखान्यात. आई न्हाणीघरात घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं आणि मी एकेचाळीस दिवस पुण्यातल्या एका रुग्णालयात तिच्या खाटेजवळ होते. रात्री अकरानंतर कँटीन बंद. पहाटे चारला आईला जाग यायची आणि काहीतरी गरम हवं असायचं. त्या दिवसांत मी दोन थर्मास टाकून दिले. तिसरा आजही रोज वापरात आहे. पहिले दोन का बिघडले आणि तिसरा का टिकला, यावर मी बराच विचार केला. पुढे घरच्यांसाठी, नातेवाइकांसाठी थर्मास निवडायची वेळ आली तेव्हा तो विचार उपयोगी पडला. तेच इथे क्रमाने लिहिते.

1. आधी माणसं मोजा, मग लिटर

दुकानात गेल्यावर मोठा थर्मास फायद्याचा वाटतो. थोडे पैसे जास्त दिले की दुप्पट माप मिळतं. पण एक लिटरच्या थर्मासमध्ये दोन कप चहा भरला तर उरलेल्या जागेत हवा राहते आणि चहा लवकर निवतो. भरलेला थर्मास अर्ध्या भरलेल्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ गरम राहतो. म्हणून रोज जेवढं लागतं तेवढंच माप घ्यावं.

माझा हिशोब असा आहे. एकट्याच्या प्रवासाला साडेतीनशे ते पाचशे मिलिलिटर. दवाखान्यात रुग्ण आणि सोबतचं माणूस धरून दोन थर्मास, प्रत्येकी अर्ध्या लिटरचे. एकात चहा, दुसऱ्यात नुसतं गरम पाणी. एक लिटरचा एकच घेतला तर तो दिवसातून दहा वेळा उघडावा लागतो, आणि प्रत्येक वेळी थोडी ऊब निघून जाते.

2. ऊब तोंडातून जाते

हा सगळ्यात मोठा धडा. बाकीचे बरेचसे यातूनच निघाले आहेत.

थर्मास मुळात चहासाठी जन्माला आला नाही. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जेम्स ड्यूअर हे शास्त्रज्ञ अतिशय थंड, द्रवरूप वायूंवर काम करत होते. ते वायू साठवायला त्यांनी 1892 मध्ये दुहेरी भिंतीचं काचेचं भांडं केलं. दोन भिंतींमधली हवा काढून टाकली. हवाच नाही म्हटल्यावर उष्णतेला एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर जायला वाहनच उरत नाही. जी थोडी उष्णता किरणांच्या रूपाने जाते, ती काचेवरच्या आरशासारख्या चंदेरी लेपावरून मागे फिरते. पुढे 1904 मध्ये जर्मनीत एका कंपनीने हे भांडं घरगुती वापरासाठी विकायला काढलं आणि ‘थर्मास’ हे नाव रूढ झालं. ते उष्णतेसाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून घेतलेलं आहे.

म्हणजे भिंती चोख असतात. पण या दोन भिंती एका जागी एकमेकींना जोडाव्याच लागतात, ती जागा म्हणजे मान. आणि एका जागी भांडं उघडं ठेवावंच लागतं, ती जागा म्हणजे तोंड. ऊब जाते ती इथूनच. आपण मात्र दुकानात रंग, चकाकी, दांडी, अंगावरचं फूल असं सगळं पोटाकडून बघत बसतो.

आता मी थर्मास हातात घेतला की पहिल्यांदा बूच काढते. ते जाड आहे का, आतून पोकळ आणि दोन थरांचं आहे का, ते बघते. आटे किती आहेत तेही बघते. निदान दोन पूर्ण फेरे बसले पाहिजेत. अर्ध्या फेऱ्यात बसणारं बूच पिशवीत आडवं पडल्यावर सैल होतं. तोंड जितकं रुंद तितकं बूच जाड हवं. बारीक तोंडाचा थर्मास जास्त वेळ गरम राहतो, रुंद तोंडाचा चांगला धुता येतो. मला दोन्ही हवं होतं, म्हणून माझी तीन बोटं आत जातील एवढं तोंड हे माप मी ठरवलं आहे.

3. बटणाच्या बुचाचा मोह टाळा

बटण दाबलं की चहा कपात येतो, बूच काढावंच लागत नाही. दवाखान्यात एका हाताने आईला धरून दुसऱ्या हाताने चहा ओतायला हे फार सोयीचं वाटलं, म्हणून मी दुसरा थर्मास तसा घेतला. पहिले चार दिवस मी त्याचं कौतुक करत होते.

पण त्या बटणाखाली एक स्प्रिंग असते, एक छोटी दट्ट्यासारखी नळी असते आणि दोन-तीन बारीक खाचा असतात. दुधाचा चहा प्रत्येक वेळी त्या खाचांतून वाहतो आणि थोडा तिथेच राहतो. वरून कितीही पाणी ओतलं तरी तो निघत नाही. सगळे भाग सुटे होत असतील आणि रोज सुटे करायची तुमची तयारी असेल तरच असं बूच घ्या. दुकानदाराला तिथेच सुटं करून दाखवायला सांगा. त्याला जमलं नाही तर रात्री दोन वाजता दवाखान्याच्या बेसिनपाशी तुम्हालाही जमणार नाही. नुसत्या पाण्यासाठी मात्र बटण चालतं.

4. रबर काढून बघा

सोळाव्या दिवशी आईने चहाचा घोट घेतला आणि कप परत केला. “वास येतोय गं,” म्हणाली. मी दूध बदललं. दुसऱ्या दिवशी चहापत्ती बदलली. तिसऱ्या दिवशी थर्मास उकळत्या पाण्याने तीनदा विसळला. वास तसाच. आजारपणामुळे तिच्या तोंडाची चव गेली असेल, असं मला वाटलं आणि मी तिला तसं म्हणालेही. त्या वाक्याचं मला आजही वाईट वाटतं.

मग रात्रपाळीच्या सिस्टर आल्या. त्यांनी बूच उलटं केलं, नाकाजवळ नेलं आणि मला विचारलं, “ताई, याचं रबर कधी काढलं होतं?” रबर निघतं हेच मला ठाऊक नव्हतं. मी केसांची पिन काढली, तिचं गोल टोक रबराच्या कडेखाली घातलं आणि हळूच उचललं. पांढरं कडं सुटून हातात आलं. त्याच्या आतल्या बाजूला करड्या रंगाचा, बोटाला चिकटणारा थर होता आणि ज्या खोबणीत ते बसलं होतं तिथे काळी रेघ उमटली होती. चहा रोज ताजा होता, थर्मास रोज धुतला जात होता, आणि आईच्या पोटात रोज त्या खोबणीतून काहीतरी जात होतं.

त्या रात्रीपासून मी रबर न निघणारं बूच घेत नाही. दुकानात नखाने किंवा पिनेच्या गोल टोकाने काढून बघते, परत बसवून बघते. रबर सिलिकॉनचं असावं. ते मऊ असतं, दाबलं की परत जागेवर येतं आणि उकळत्या पाण्याला लवकर दमत नाही. आणि दुकानदाराला आणखी एक प्रश्न विचारते: “याचं रबर सुटं मिळतं का?” मिळत असेल तर त्याच वेळी एक जास्तीचं घेऊन ठेवते. चांगल्या थर्मासचं पोट वर्षानुवर्षं जातं, रबर मात्र ढिलं पडतं. वीस-तीस रुपयांच्या कड्यापायी हजाराची वस्तू माळ्यावर जाते, असं मी कितीतरी घरांत पाहिलं आहे.

5. दुकानातच उकळतं पाणी घालून बघा

पहिला थर्मास मी घाईत, दवाखान्याच्या फाटकासमोर घेतला होता. रात्री दहाला भरलेलं पाणी पहाटे चारला पार निवलं होतं. भिंतींमधली पोकळी कुठेतरी जोडावर फुटून आत हवा शिरली होती. ज्याने विकला त्याने परत घ्यायला नकार दिला.

ही परीक्षा अगदी सोपी आहे. थर्मासच्या दुकानाजवळ चहाची टपरी असतेच. तिथून पातेलीभर उकळतं पाणी मागून घ्यावं, थर्मास भरून बूच लावावं आणि दहा मिनिटं थांबावं. मग बाहेरून हात फिरवावा. मानेपाशी किंचित ऊब लागणार, तिथे भिंती जुळलेल्या असतात. पण पोट आणि बूड गार हवं. एखाद्या जागी जरी चटका किंवा चांगली ऊब लागली तरी तो थर्मास बाजूला ठेवावा. कानाला लावून ‘घूं’ आवाज ऐकायची पद्धत आहे, तिच्यावर भरवसा ठेवू नका. तसा आवाज कोणत्याही रिकाम्या बाटलीतून येतो.

त्यानंतर तोच भरलेला थर्मास वर्तमानपत्रावर आडवा ठेवावा. पाच मिनिटांनी उलटा करून दोनदा हलवावा. कागदावर एक डाग जरी दिसला तरी नको. बहुतेक दुकानदार हे करू देतात. जो करू देत नाही त्याच्याकडून मी घेत नाही. घरपोच मागवला तर आला त्याच दिवशी हीच परीक्षा करावी, कारण परत करायची मुदत थोडी असते.

6. स्टीलची खूण वाचायला शिका

बुडाखाली ‘304’ किंवा ‘18/8’ असं लिहिलेलं असतं. म्हणजे त्या पोलादात साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल आहे. हे स्टील सहज गंजत नाही आणि चव धरत नाही. स्वस्त थर्मासमध्ये ‘201’ जातीचं स्टील वापरतात. त्यात निकेल कमी करून मँगनीज वाढवलेलं असतं आणि त्यावर लवकर डाग पडतात. बाहेरची भिंत 201ची असली तरी फारसं बिघडत नाही. आतली, चहाला लागणारी भिंत 304ची हवी. वेष्टनावर आतल्या भिंतीचा वेगळा उल्लेख असतो, तो वाचावा.

लोहचुंबक लावून बघायचा सल्ला बरेच लोक देतात. पण 304 आणि 201 या दोन्हींना चुंबक सहसा चिकटत नाही, त्यामुळे त्याने यांच्यातला फरक कळत नाही. आकडा तर कोणीही ठोकू शकतो. म्हणून आयएसआयची खूण बघावी. त्या खुणेखाली परवान्याचा क्रमांक असतो, तो भारतीय मानक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या ॲपमध्ये घातला की परवाना कोणाचा आहे आणि कोणत्या वस्तूसाठी आहे ते समोर येतं. दोन मिनिटांचं काम आहे.

7. काच घराला, स्टील रस्त्याला

काचेचा थर्मास वाईट नाही. काचेला वास लागत नाही आणि चव अगदी स्वच्छ राहते. आतली काच फुटली तर पुष्कळदा नुसती रिफिल बदलून मिळते. घरात टेबलावर ठेवायचा असेल, पाहुण्यांसाठी चहा करून ठेवायचा असेल तर मी आजही काचेचाच सुचवीन. फक्त उकळता चहा थेट ओतू नये. आधी कोमट पाणी फिरवावं, मग गरम. एकदम बसणारा चटका काच सोसत नाही. बर्फाचे खडेही टाकू नयेत.

पण रस्त्यावर काच नको. एकदा खंबाटकी घाटात गाडीला जोराचा धक्का बसला. अण्णांनी पिशवीतून थर्मास काढला, कानाजवळ नेऊन हळूच हलवला. आतून ‘खळ्ळ’ आवाज आला. ड्रायव्हरकाका म्हणाले, “फडक्यातून गाळून घेऊ की, कंडक्टर.” अण्णांनी सगळा चहा रस्त्याच्या कडेला ओतून दिला. घरी आल्यावर त्यांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं की ही काच कागदासारखी पातळ असते, तिचा चुरा फडक्यातूनही जातो आणि पाण्यात दिसत नाही. थर्मास वाजला की त्यातला थेंबही पोटात जाता कामा नये. मी हा नियम माझ्या मुलीलाही तसाच सांगितला आहे.

8. कोमट दूध म्हणजे जंतूंचं घर

थर्मास गरम वस्तू गरम ठेवतो, पण ताजी ठेवत नाही. साधारण 5 ते 60 अंशांच्या दरम्यान जंतू झपाट्याने वाढतात. दुधाचा चहा सकाळी भरला आणि संध्याकाळी तो कोमट झाला, तर मधले काही तास थर्मासने जंतूंना हवी तशी ऊब पुरवलेली असते. दुधाचं, तांदळाचं याला जास्त जपावं लागतं. काही जंतूंची बीजं उकळूनही मरत नाहीत आणि पदार्थ कोमट झाला की पुन्हा जागी होतात.

म्हणून दुधाचा चहा आणि पेज मी चार तासांच्या आत संपवते, आणि हाताला कोमट लागली तर आधीच टाकून देते. लांबच्या प्रवासाला आणि रात्रीसाठी थर्मासमध्ये फक्त उकळलेलं पाणी भरते; चहाची पुडी, साखर आणि दुधाची पावडर वेगळी. आईला पहाटे चारला मी असाच ताजा चहा करून द्यायला लागले आणि तिने पुन्हा कधी कप परत केला नाही. तान्ह्या बाळाच्या पावडरच्या दुधासाठी तर पाणी निदान 70 अंश गरम असावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेवढं तापलेलं पाणी पावडरमधले जंतू मारतं. दूध मग निववून पाजायचं. ज्या घरात बाळ आहे तिथे बूच आणि मान दोनदा तपासूनच थर्मास घ्यावा.

9. थर्मासमध्ये आणि थर्मासखाली काय नको

सोडा किंवा फसफसणारं पेय नको, आत दाब साठतो आणि बूच उडतं. ताक तासन्‌तास ठेवू नये, ते आंबत जातं आणि त्यातलं मीठ स्टीलला टोचे पाडतं. लिंबाचं आणि कोकमाचं सरबत तासा-दोन तासांपुरतं ठीक, रात्रभर नको.

आणि थर्मास कधीही, कोणत्याही कारणाने गॅसवर ठेवू नये. चहा निवला म्हणून कोणीतरी तो थेट शेगडीवर ठेवताना मी पाहिलं आहे आणि धावत जाऊन बंद केलं आहे. दोन भिंतींमधली जागा पक्की बंद असते. तापली तर ती फुटू शकते.

10. धुता येत नसेल तर घेऊ नका

तोंडात ब्रश जातो का आणि बुडापर्यंत पोचतो का, हे घेण्याआधी बघावं. रोज गरम पाणी आणि ब्रश पुरतो. आठवड्यातून एकदा मी चमचाभर खायचा सोडा घालून गरम पाणी भरते आणि अर्धा तास ठेवते, चहाचा तपकिरी थर सुटून येतो. बोअरच्या पाण्याने आतून पांढरा थर धरतो, त्याला थोडं व्हिनेगर घातलेलं कोमट पाणी लागतं. कपड्यांचं ब्लीच मात्र कधीही वापरू नये, स्टीलला खड्डे पडतात.

धुतल्यावर थर्मास उपडा वाळवावा. बूच, रबर, टोपण वेगवेगळं ठेवावं. बूच लावून माळ्यावर ठेवलेला थर्मास उघडला की जो कुबट वास येतो, तो आतल्या ओलीचा असतो.

11. भरण्याआधी थर्मासला ऊब द्या

चांगला थर्मास घेऊनही चहा लवकर निवत असेल तर भरायची पद्धत बघावी. गार स्टील पहिल्याच मिनिटाला चहाची ऊब खाऊन टाकतं. आधी उकळतं पाणी घालून पाच मिनिटं ठेवावं, ओतून टाकावं आणि लगेच चहा भरावा. बुचाखाली बोटभर जागा सोडावी, त्याहून जास्त नको.

कळसूबाईला गेलो तेव्हा हे फार उपयोगी पडलं. 1646 मीटर उंचीवर पाणी साधारण 95 अंशांलाच उकळतं. वर चूल पेटवून चहा करण्याऐवजी पायथ्याच्या गावात ऊब दिलेल्या थर्मासमध्ये भरून नेलेल्या पाण्याचा चहा आम्हाला वर वाऱ्यात बसल्या बसल्या मिळाला. सरपण नको, काडेपेटी नको, डोंगरावर राख नको.

12. देताना नुसता देऊ नका, उघडून दाखवा

आईला घरी सोडायच्या दिवशी शेजारच्या खाटेवर जतकडून आलेल्या आजोबांना दाखल केलं. त्यांची सून पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटलीत चहा आणत होती, ती बाटली मऊ पडून वाकडी झाली होती. चहाच्या थर्मासच्या जोडीला वेगळा घेतलेला, गरम पाण्याचा थर्मास मी तिच्या हातात दिला. ती संकोचली. मी तिला बूच उलटं करून दाखवलं, पिन दिली आणि म्हटलं, “हे कडं रोज रात्री काढायचं, धुवायचं, पुसून बसवायचं.” तिने माझ्यासमोर एकदा काढलं, बोटाने आतली खोबण पुसली आणि परत बसवलं. दुसऱ्यांदा बसवताना ते एका बाजूने दुमडलं. तिने स्वतःच ओळखलं, काढलं आणि नीट बसवलं.

“आता जमलं, ताई,” ती म्हणाली. मग उठून बेसिनकडे गेली आणि चहा भरायच्या आधी थर्मासचं तोंड धुऊन आली.